पाणी गरम आहे, एवढ्यावर सही करू नका

गुहागरजवळच्या एका हॉटेलातील नव्या हीट पंपाच्या, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणाऱ्या यंत्राच्या, चाचणी अहवालावर मी सही केली, ती गोष्ट मला अजून सलते. मे महिना होता, टाकीतले पाणी 60 अंशांवर होते, सगळ्या खोल्यांच्या नळांना कढत पाणी येत होते आणि मालकांचे समाधान झाले होते. दोन महिन्यांनी त्यांनी विजेची बिले पुढे ठेवली, तेव्हा उलगडा झाला. केवळ आधारासाठी बसवलेल्या हीटरचा थर्मोस्टॅट 50 ऐवजी 65 अंशांवर राहिला होता; टाकी त्यामुळे सतत तापलेली असे आणि 60 अंशांवर लावलेल्या पंपाला सुरू होण्याची वेळच क्वचित येत असे. पाणी गरम होते हे खरे, पण ते कोण तापवत होते, हे मी पाहिलेच नव्हते.

म्हणून हा हिशेब पुन्हा पुन्हा करून अंगवळणी पाडा. 2000 लिटर पाणी 27 अंशांवरून 57 अंशांवर न्यायला सुमारे 70 युनिट उष्णता लागते. हीटर तेवढीच वीज घेतो. साडेतीन सीओपी असलेला, म्हणजे एका युनिट विजेत साडेतीन युनिट उष्णता देणारा पंप 20 युनिटांत ते काम उरकतो. चाचणीपूर्वी हीटरचा ब्रेकर स्वतः बंद करा, पंपाला स्वतंत्र मीटर लावा आणि टाकी थंड पाण्याने भरून सुरुवात करा. टाकी आधीच तापलेली असेल, तर त्या दिवशी चाचणी घेऊच नका, मग मालक कितीही घाई करोत.

हाताला चटका बसला की यंत्र चालते, असे शिकवणाऱ्या ज्येष्ठांचा अनुभव मोठा असतो, पण त्या सवयीने माझे नुकसानच झाले. तयार तक्त्यात आकडे भरण्याचीही मला भीती वाटते, कारण मोजमापातली चूक त्यात दिसत नाही. पंपात जाणाऱ्या आणि त्यातून येणाऱ्या पाण्यात पाचच अंशांचा फरक असेल आणि दोन्ही सेन्सर अर्ध्या-अर्ध्या अंशाने विरुद्ध दिशांना चुकत असतील, तर उष्णतेचा आकडा 20 टक्क्यांनी चुकतो. तेव्हा दोन्ही सेन्सर आधी एकाच भांड्यातील पाण्यात बुडवून ताडून पाहा.

बाहेरच्या युनिटला जांभ्याच्या कुंपणाला चिकटवून बसवू देऊ नका, कारण त्यातून निघालेली गार हवा तिथेच कोंडून पुन्हा आत ओढली जाते. खाऱ्या वाऱ्याने पंख्यामागच्या ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यांचे काय होते, हे किनाऱ्यावर काम करणाऱ्यांना सांगायला नको.

पहिल्या दोन-तीन कामांत आकडे जुळणार नाहीत. घाबरू नका, माझेही जुळत नव्हते. हवेचे तापमान प्रत्येक नोंदीशेजारी लिहा, कारण मेमधील दुपारचा सीओपी जानेवारीच्या पहाटे मिळत नाही. त्या हॉटेलात मी स्वखर्चाने परत गेलो, हीटरचा थर्मोस्टॅट 50 वर आणला आणि आठवडाभर रोज सकाळी दोन्ही मीटर वाचले.