भागायचं विसरू नका: गुरुत्वीय लहरींत नव्याने येणाऱ्यांसाठी

एमएस्सी करून या विषयात येणाऱ्यांचं सापेक्षतेपाशी फारसं अडत नाही, अडतं ते डेटापाशी. अवकाशकाळातल्या या लहरी पकडणाऱ्या अमेरिकेतल्या लायगो डिटेक्टरांचा डेटा सगळ्यांना खुला आहे. 14 सप्टेंबर 2015 ची, दोन कृष्णविवरांच्या टकरीची पहिली नोंद उतरवून घ्या आणि कोड स्वतः लिहा. कच्च्या आलेखात नुसता गोंगाट दिसेल, घाबरू नका. तो गाळला की 35 पासून 250 हर्ट्झपर्यंत चढणारी, सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याएवढी लकेर वर येते. कुणाची तरी तयार नोटबुक (कोडची फाइल) चालवून हेच चित्र दोन मिनिटांत मिळतं, पण मुलाखतीत असले लोक पहिल्याच प्रश्नाला उघडे पडतात.

आता ज्या चकव्याने माझी झोप उडवली होती, तो. डिटेक्टर सांगतो ते कृष्णविवराचं खरं वस्तुमान नव्हे. विश्व प्रसरण पावतंय, त्यामुळे लहर वाटेत ताणली जाते आणि वारंवारता उतरते. कृष्णविवरांच्या जड जोडीची वारंवारता मुळातच कमी. मग सूर खालचा लागला तो जोडी जड म्हणून, की लांब म्हणून? लहरीच्या नुसत्या आकारावरून हे कळत नाही. हाती येतं ते मूळ वस्तुमान गुणिले (1+z); z म्हणजे रेडशिफ्ट, लहर वाटेत किती ताणली गेली त्याचं माप. 21 मे 2019 ची नोंद घ्या. डिटेक्टरच्या हिशेबात एकूण वस्तुमान सुमारे 270 सूर्यांएवढं. z साधारण 0.82, म्हणून 1.82 ने भागायचं, की 150 च्या आसपास येतात: एक 85 चं, दुसरं 66 चं. ताऱ्यांच्या सिद्धांतानुसार साधारण 65 ते 120 या पट्ट्यात ताऱ्यापासून थेट कृष्णविवर बनू नये. 85 चं तिथे असणं हीच तर खरी बातमी! भागलं नाहीत तर त्याचं 155 होतं, पट्ट्याच्या पलीकडे, आणि बातमीच गायब. शिवाय हा z लहरीच्या उंचीवरून काढलेल्या अंतरातून येतो, आणि लांबची, कक्षेचं तोंड थेट आपल्याकडे असलेली जोडी नि जवळची कललेली जोडी जवळपास सारखीच दिसते. म्हणून अनिश्चिततेची मर्यादा (एरर बार) न लिहिता आकडा पुढे करू नका.

17 ऑगस्ट 2017 ला न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीत प्रकाशही दिसला. z दीर्घिकेकडून मिळाला, अंतर लहरीकडून, आणि विश्वाच्या प्रसरणाचा दर सांगणारा हबल स्थिरांक 70 (किमी/सेकंद दर मेगापार्सेकला) च्या आसपास निघाला. अशी चैन रोज नसते.

गाइड निवडताना नावाला भुलू नका. तुमचा कोड उघडून बघणारा सीनियर लाखमोलाचा. वाचनाची सुरुवात मात्र आयुका या पुण्याच्या खगोलशास्त्र संस्थेच्या संजीव धुरंधरांपासून करा. नमुना जुळवून लहर शोधण्याच्या पद्धतीचा पाया घालणाऱ्यांत ते आहेत.

गणित जमत नाही म्हणून वाट सोडू नका. हिंगोलीत औंढ्याजवळच्या लायगो-इंडियाला 2023 मध्ये 2600 कोटींची मंजुरी मिळाली. चार चार किलोमीटरच्या निर्वात नळ्या, लेझर, आरशांची टांगणी: तिथे इंजिनिअरही लागणारच.