दोन मिनिटं प्लँक जमतो, तरी उसण का भरते? या चुका टाळा

"मी दोन मिनिटं प्लँक धरतो" असं सांगणारा एक तरी प्रत्येक जिममध्ये असतो. (प्लँक म्हणजे पालथं होऊन, कोपरं आणि पायांची बोटं टेकून अंग फळीसारखं सरळ धरणं.) गॅसचा सिलिंडर सरकवताना उसण भरते तीही बऱ्याचदा त्यालाच. हातपाय हलत असताना कणा जागेवर ठेवणं हे पोट-कमरेच्या स्नायूंचं खरं काम, आणि त्याचा सराव राहूनच जातो.

प्लँक करताना घड्याळ बघू नका. दमल्यावर कंबर झोळीसारखी लोंबते, पोट सुटतं आणि भार मणक्यांवर येतो. वॉटर्लू विद्यापीठात कण्याचा अभ्यास केलेले कॅनडाचे स्टुअर्ट मॅकगिल दहा-दहा सेकंद धरून सोडायला सांगतात. धरा, सोडा, पुन्हा धरा. दिसायला किरकोळ वाटतं, पण प्रत्येक वेळी ठेवण नीट राहते.

धरताना श्वास कोंडतोय का? मोठ्याने दहापर्यंत मोजून बघा. मोजता येत नसेल तर व्यायाम सोपा करा.

"पोट आत ओढा" हा सल्लाही विसरा. कोणी पोटात गुद्दा मारणार असं दिसलं की पोट आपसूक कडक होतं ना, तेवढंच हवं.

उताणं झोपून वर उचललेला पाय खाली नेण्याच्या व्यायामात कंबर जमिनीवरून उचलली जात असेल, तर पाय झेपण्यापेक्षा जास्त खाली गेलाय. गुडघा वाकवून फक्त टाच टेकवा. हातागुडघ्यांवर राहून एक हात आणि विरुद्ध पाय लांबवण्याच्या व्यायामात कंबर एका बाजूला कलते, आणि आपल्याला ते कळतच नाही. कमरेवर आडवं लाटणं ठेवा. ते घरंगळलं की समजा!

रात्रभरात मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात, म्हणून कंबर दुखणाऱ्यांनी उठल्यावर पहिला तासभर वाकायचे व्यायाम करू नयेत. पहाटेचे सूर्यनमस्कारही त्यात आले. कंबर ठणठणीत असेल त्यांनी खुशाल घालावेत. मात्र कळ पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील किंवा बाळंतपणानंतर पोटाच्या मधोमध फट जाणवत असेल, तर आधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा.

आणि चटईवरून उठल्यावर? भरलेली बादली एका हातात घेऊन, अजिबात न कलता वीस पावलं चाला. मग हात बदला.