जीप उंच केल्यावर शाफ्ट थरथरतोय? पाचर ठोकायच्या आधी या चुका टाळा

गाडी दोन-तीन इंच उंच केली, मोठे टायर टाकले, हरिहरच्या पायथ्यापर्यंत मस्त गेली, आणि दुसऱ्या दिवशी मुंबई-आग्रा हायवेला काटा साठच्या वर गेला की सीटखाली गुंऽऽ सुरू. नाशकात ज्यांच्याकडे जुनी पाट्यांवाली (लीफ स्प्रिंगची) फोर बाय फोर जीप किंवा जिप्सी आहे त्यातल्या बऱ्याच जणांनी हे सोसलंय, मीही सोसलंय. आणि यावर जो तो एकच उपाय सांगतो, मागे पाचर टाक आणि पिनियन वर कर. पाचर म्हणजे पाटा आणि ॲक्सलच्या हाउसिंगमध्ये बसणारी उतरती पट्टी, आणि पिनियन म्हणजे हाउसिंगमधून पुढे आलेला दांडा, ज्याला शाफ्ट जोडतो. माझं म्हणणं एवढंच आहे की हा उपाय बऱ्याच गाड्यांना उलटा पडतो, म्हणून आधी मोजा.

पहिली चूक म्हणजे दोष टायरवर ढकलणं. मी स्वतः दोनदा बॅलन्सिंग करून घेतलं. टायरची थरथर जाड आणि सावकाश असते, स्टेअरिंगला किंवा अख्ख्या बॉडीला हलवते. पण चाकाचा एक फेरा होईपर्यंत प्रोपेलर शाफ्टचे चार-पाच फेरे होतात आणि क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा वाकणारा सांधा) दर फेऱ्याला दोन झटके देतो, त्यामुळे शाफ्टची थरथर बारीक, गुणगुणल्यासारखी, फ्लोअरमध्ये आणि गिअर लिव्हरमध्ये लागते. त्याच स्पीडला गिअर बदलून बघा, इंजिनचा आरपीएम बदलला तरी गुणगुण तशीच राहिली तर इंजिनचा संबंध नाही. पुढचा शाफ्ट खोलून टू व्हीलमध्ये एक चक्कर मारली की पुढचा की मागचा हेही कळतं. मागचा शाफ्ट खोलणार असाल तर मात्र चाकांना ओट (दगड किंवा ठोकळे) लावल्याशिवाय गाडीखाली जाऊच नका, काही जुन्या जीपमध्ये हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या शाफ्टला वाटणाऱ्या डब्याच्या) मागेच असतो, शाफ्ट निघाला की हँडब्रेकही गेला आणि गिअरही.

आता पाचरीचं. साध्या शाफ्टला दोन टोकांना एकेक क्रॉस असतो. क्रॉस वाकडा फिरतो तेव्हा पुढचं टोक एकसारखं फिरलं तरी मागचं कमी-जास्त वेगाने फिरतं. १० अंशाला हा फरक जेमतेम दीड टक्का असतो, २० अंशाला सहा टक्के, म्हणजे कोन दुप्पट झाला की झटका चौपट. एका क्रॉसने केलेली गडबड दुसरा क्रॉस पुसून टाकतो, पण फक्त दोन्ही कोन सारखे असतील तेव्हाच. म्हणून साध्या शाफ्टला पिनियन ट्रान्सफर केसच्या आउटपुटला समांतर लागतो, शाफ्टच्या तोंडाकडे बघणारा नाही. पिनियन शाफ्टच्या रेषेत आणायचा तो डबल कार्डन शाफ्टला, ज्यात वरच्या टोकाला दोन क्रॉस एकत्र असतात, आणि तिथेही तो एक-दोन अंश खाली ठेवायचा कारण लोड आला की पाटे पीळ खातात आणि पिनियन आपोआप वर उचलला जातो.

माझ्या जीपचं काय झालं ते आकड्यांनी सांगतो. उंचीसाठी मागे दोन इंच लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला टांगणारे दुवे) टाकले होते (दोन इंचाच्या शॅकलने गाडी एकच इंच उचलते, बाकी उंची पाट्यांना कमान देऊन आली होती). शॅकल पाट्याच्या मागच्या टोकाला असेल तर लांब शॅकलमुळे पाटा मागे खाली झुकतो आणि हाउसिंग फिरून पिनियन स्वतःच वर होतो, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. माझा पिनियन आडव्या रेषेपासून ३ अंशावरून ६ वर गेला होता. त्यात एका गॅरेजवाल्याने ४ अंशाची पाचर टाकून तो १० वर नेला. खालून बघितलं तर अगदी सरळ रेषेत, सुंदर दिसत होतं, आणि थरथर आधीपेक्षा वाढली. मग एका रविवारी मोबाइलचं अँगल ॲप घेऊन खाली झोपलो. ट्रान्सफर केस ३ अंश, शाफ्ट १२, पिनियन १०. म्हणजे वरच्या क्रॉसला ९ अंश (१२ वजा ३) आणि खालच्याला फक्त २ (१२ वजा १०). पुसणार काय डोंबल! पाचर काढली, ३ अंशाची उलटी टाकली, पिनियन ३ वर आला, वर ९ खाली ९, आणि साठची गुणगुण त्याच दिवशी गेली. ऐंशीच्या वर थोडी राहिली, कारण ९ अंश हा हायवेसाठी जास्तच कोन आहे, तीनच्या आत असेल तर उत्तम.

मोजताना गाडी चाकांवर उभी पाहिजे, नेहमीचं वजन आणि डिझेल भरलेलं. जॅकवर लटकवून मोजलेला कोन काही कामाचा नाही. मोबाइलचं कव्हर काढा, पिनियनच्या फ्लँजचा (शाफ्ट बोल्टने जोडतो त्या चकतीचा) मशीन केलेला चेहरा पुसून त्यावर धरा, शाफ्टला मधल्या पाइपवर धरा. जमीन अगदी लेव्हल नसली तरी चालतं, आपल्याला फरक हवाय.

पाचर लागलीच तर स्टीलची घ्या, अ‍ॅल्युमिनियमची चेपते नाहीतर तडकते. दिशेचा घोळ बऱ्याच जणांचा होतो. मागच्या हाउसिंगचा पिनियन वर करायचा असेल आणि पाटा हाउसिंगच्या खाली असेल तर जाड बाजू पुढे, पाटा वर असेल तर जाड बाजू मागे. सेंटर बोल्टचं (पाटे एकत्र धरणाऱ्या बोल्टचं) डोकं हाउसिंगवरच्या पाट्याच्या बैठकीच्या भोकात पूर्ण बसलं पाहिजे, बसत नसेल तर लांब बोल्ट टाका, नाहीतर हाउसिंग सरकतं. यू बोल्ट नवीन, आणि शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे.

पुढच्या ॲक्सलला पिनियन वर करायच्या भानगडीत पडू नका. तिकडे पिनियन उचलला की कॅस्टर (स्टेअरिंग सरळ परत आणणारा पुढच्या चाकांचा कल) कमी होतो, स्टेअरिंग वळवल्यावर परत येत नाही आणि घाटात गाडी हाताला ओढते. पुढच्या शाफ्टवर लोड हळू स्पीडला, चिखलातच येतो, तिथे थोडी थरथर चालेल, स्टेअरिंग बिघडलेलं चालणार नाही.

ट्रान्सफर केस खाली घेणे हा दुसरा लाडका उपाय. २८ इंचाच्या शाफ्टला एक इंच खाली म्हणजे साधारण दोन अंश सुटका. पण चासी आणि ट्रान्सफर केसच्या क्रॉसमेंबरमध्ये नुसते स्पेसर ठोकले तर इंजिनही मागे कलतं, फॅन काउलला घासतो, गिअर लिव्हर अडतो, आउटपुटचा कोन बदलल्यामुळे पिनियन पुन्हा जुळवावा लागतो, आणि ज्या ग्राउंड क्लिअरन्ससाठी गाडी उंच केली तोच गेला. जिप्सीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळा असतो, तिथे तो खाली घेतला तर मधल्या छोट्या शाफ्टचा कोन बिघडतो.

आणि एक चूक जी खूप साधी आहे. ग्रीसिंगसाठी शाफ्टचा स्लिप (आतबाहेर सरकणारा दातेरी भाग) खोलला आणि एक दाता पुढेमागे बसवला की दोन्ही योक (क्रॉसला धरणारी दुशिंगी टोकं) एका रेषेत राहत नाहीत, मग कोन कितीही अचूक असू दे, थरथर राहणारच. खोलायच्या आधी दोन्ही भागांवर पांढऱ्या पेंटची एक रेघ मारा. त्याच वेळी चाकं लटकवून शाफ्ट हाताने फिरवा, योक कुठे अडतोय का बघा, आणि स्लिप किती आत उरलाय तेही. इंच-दीड इंचापेक्षा कमी असेल तर लेथवाल्याकडे शाफ्ट लांब करून बॅलन्स करून घ्या. क्रॉसच्या कपाजवळ लाल भुकटी दिसली तर सुया गंजल्यात, तो क्रॉस बदलायचाच, ग्रीस मारून वाचत नाही.

शेवटी मी लांब शॅकल काढूनच टाकले. एक इंच उंची गेली, शाफ्ट १० अंशावर आला, पिनियन पाचरीशिवाय ३ वर बसला, दोन्हीकडे ७-७. मागच्या पावसाळ्यात पेठ, हर्सूल, त्र्यंबक सगळं केलं, कुठेच खाली टेकली नाही, आणि परतीला त्र्यंबक रोडवर गिअर लिव्हरवर हात ठेवून बसलो होतो, काहीच लागलं नाही.