चॅम्पियनशिप नशिबाने गेली की हाताने घालवली? सीझनचा हिशोब मांडायची माझी पद्धत

2 नोव्हेंबर 2008 ची रात्र. दिवाळी नुकतीच संपलेली, डब्यात चकलीचे तुकडे उरलेले, घरातले सगळे झोपलेले आणि मी टीव्हीचा आवाज बारीक करून फॉर्म्युला वनची सीझनमधली शेवटची, ब्राझीलची रेस बघत बसलेलो. बारा वाजून गेले होते. फेलिपे मासाने इंटरलागोसला रेस जिंकली, फेरारीच्या गॅरेजमध्ये उड्या सुरू झाल्या, मीपण खुर्चीतून उठलो, आणि मग मागून येणाऱ्या लुईस हॅमिल्टनने शेवटच्या वळणांत टिमो ग्लॉकला गाठून पाचवा नंबर घेतला. सीझनचे पॉइंट हॅमिल्टन 98, मासा 97. एका पॉइंटने चॅम्पियनशिप गेली. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि पुढे कित्येक वर्षं मी भेटेल त्याला सांगत होतो की मासाचं नशीब फुटकं म्हणून गेलं.

मग एकदा मित्राने विचारलं, बरं, किती पॉइंटचं नशीब फुटकं होतं ते सांग. मला सांगता येईना. तेव्हापासून वही घेऊन बसायची सवय लागली. ती पद्धत इथे लिहितोय, कुठल्याही वर्षाला चालते, एक रविवार आणि त्या सीझनचे सगळे निकाल एवढंच लागतं.

पहिलं काम म्हणजे रकाने पाडणं, आणि ते निकाल उघडायच्या आधी करायचं. मी चार पाडतो. ड्रायव्हरने स्वतः केलेलं, म्हणजे गाडी फिरवली, लाल दिवा बघितला नाही, भिंतीला घासली. टीमने केलेलं, म्हणजे पिटमधला (टायर-पेट्रोलसाठी गाडी थांबते तिथला) घोळ, चुकीचे टायर, इंजिन फुटणं. दुसऱ्याने केलेलं, म्हणजे कुणीतरी येऊन धडकलं. आणि चौथा रकाना ज्यात कुणाचाच हात नाही, पाऊस, सेफ्टी कार (अपघातानंतर सगळ्यांना हळू चालवायला लावणारी गाडी) नेमकी कधी आली ते, लाल झेंडा (रेस थांबवायची खूण). नियम आधी ठरवा असं मी कळकळीने सांगतोय कारण रेस बघता बघता ठरवलं तर आपल्या लाडक्याच्या चुका आपोआप चौथ्या रकान्यात सरकतात आणि समोरच्याचं दुर्दैव पहिल्यात जाऊन बसतं, माझं पहिल्या वहीत अगदी हेच झालेलं.

दुसरं म्हणजे खर्चाबरोबर जमा पण लिहायची. आपल्याला गेलेले पॉइंट तोंडपाठ असतात, फुकट मिळालेले आठवत नाहीत. आणि हे दोन्ही ड्रायव्हरसाठी करायचं, सगळ्या रेसचं, एक पण न सोडता.

तिसरं, "जर" मांडताना पूर्ण निकाल परत लावायचा. समजा अमुक जिंकला असता, तर मग बाकीचे एकेक नंबर खाली गेले असते, त्यात तुमचा दुसरा ड्रायव्हर पण आला. पॉइंट त्या वर्षीच्या कोष्टकाने द्यायचे. 2008 ला 10-8-6-5-4-3-2-1 होतं, 2010 पासून 25-18-15-12-10-8-6-4-2-1 आहे. जुने सीझन काढलेत तर ठराविकच चांगले निकाल धरायची पद्धत होती, ते विसरलात तर सगळी बेरीज चुकते.

आता 2008 करून दाखवतो.

हंगेरीपासून सुरू करू. मासा तिसऱ्या जागेवरून सुटून पहिल्याच वळणात दोन्ही मॅक्लारेनच्या (हॅमिल्टनच्या टीमच्या) पुढे गेला, काय सुंदर मूव्ह होती ती, आणि 70 लॅपच्या (फेऱ्यांच्या) रेसमध्ये 67 व्या लॅपला पुढे असताना इंजिन फुटलं. 10 पॉइंट गेले. मी वर्षानुवर्षं हाच आकडा धरून होतो. पण त्याच रेसमध्ये दुसऱ्या नंबरवर असलेल्या हॅमिल्टनचा टायर पंक्चर झालेला, तो मग पाचवा आला. म्हणजे नशीब दुरुस्त करायचं तर दोघांचं करायला हवं ना, मासा 10 आणि हॅमिल्टन 8. प्रत्यक्षात झालं 0 आणि 4. म्हणजे मासाचं नुकसान हॅमिल्टनच्या तुलनेत 6 चं, 10 चं नाही.

मग सिंगापूर. मासा पोलवर (सगळ्यात पुढच्या जागेवरून सुटलेला), पुढे चाललेला, हॅमिल्टन दुसरा. चौदाव्या लॅपला नेल्सन पिके ज्युनियरची रेनो भिंतीवर गेली, सेफ्टी कार आली, सगळे पिटमध्ये धावले, फेरारीचा गाडी सोडायचा हिरवा दिवा चुकून लवकर लागला आणि मासा पेट्रोलची नळी गाडीला लटकवूनच निघाला. मेकॅनिक धावत पिट लेनच्या टोकापर्यंत गेले नळी सोडवायला. शेवटी तेरावा, शून्य पॉइंट, हॅमिल्टन तिसरा. 2009 मध्ये उघड झालं की तो अपघात पिकेने रेनो टीमच्या सांगण्यावरून मुद्दाम केला होता, म्हणजे अपघात "दुसऱ्याने केलेलं" मध्ये आणि नळी "टीमने केलेलं" मध्ये. दोन्ही झालंच नसतं असं धरलं तर मासा 10, हॅमिल्टन 8, फरक आणखी 8 चा. इथे मी आकडा पेन्सिलने लिहितो, पेनाने नाही, कारण चौदा लॅपनंतर अख्खी रेस बाकी होती आणि पुढे काय झालं असतं ते छातीठोक सांगता येत नाही.

आता जमेची बाजू, जी मला लिहायला जड गेली. फ्रान्सला किमी रायकोनेन आरामात पुढे होता, त्याचा एक्झॉस्ट तुटला, मासाला विजय मिळाला, 2 पॉइंट जमा. बेल्जियमच्या स्पाला हॅमिल्टन पहिला आला होता, शिकेन (लागोपाठची उलटसुलट वळणं) कापून फायदा घेतला म्हणून स्ट्युअर्डनी (रेसच्या पंचांनी) त्याच्या वेळेत 25 सेकंद वाढवले आणि तो तिसरा गेला, मासा दुसऱ्याचा पहिला झाला, म्हणजे त्याचे 2 वाढले आणि हॅमिल्टनचे 4 कमी झाले. जपानच्या फुजीला रेसनंतर सेबास्तियन बुर्देला पेनल्टी बसली आणि मासा आठव्याचा सातवा, 1 पॉइंट. हॅमिल्टनची ती पेनल्टी योग्य होती का यावर आजही लोक भांडतात, मी ती मासाच्या जमेत धरतो, तुम्हाला ती हॅमिल्टनची स्वतःची चूक वाटत असेल तर पहिल्या रकान्यात टाका, पण मग सगळ्या पेनल्ट्या तिथेच टाकायच्या, सोयीने नाही.

बेरीज करा. मासा 97 अधिक 10 अधिक 10 वजा 2 वजा 2 वजा 1, म्हणजे 112. हॅमिल्टन 98 अधिक 4 अधिक 2 अधिक 4, म्हणजे 108. चार पॉइंटनी मासा. म्हणजे मी म्हणत होतो ते अगदीच खोटं नव्हतं, पण 18 रेसच्या सीझनमध्ये चार पॉइंट, त्यातले बरेचसे पेन्सिलचे.

आणि मग पहिला रकाना बघा. मलेशियाला मासा दुसऱ्या नंबरवर असताना एकटाच गाडी फिरवून बाहेर. सिल्व्हरस्टोनला पावसात पाच वेळा फिरला आणि तेरावा आला. दोघांचे पॉइंट सारखे झाले असते तर जास्त विजयांवर किताब ठरला असता, मासाचे 6 आणि हॅमिल्टनचे 5. म्हणजे सिल्व्हरस्टोनला तो नुसता आठवा आला असता, एक पॉइंट, तरी तो चॅम्पियन होता. हे वहीत लिहिताना माझा हात खरंच थांबला होता. हॅमिल्टनचा रकानाही रिकामा नाही हं, कॅनडात पिट लेनमधून बाहेर पडायच्या तोंडाशी लाल दिव्याला उभ्या असलेल्या रायकोनेनला मागून ठोकलं, बहरिनला अलोन्सोच्या मागे जाऊन आदळला, दोन्हीकडे शून्य.

ग्लॉकचं पण बोलू, कारण सगळे त्या शेवटच्या लॅपवरच अडकतात. शेवटचा पाऊस यायच्या आधी हॅमिल्टन चौथा होता. पाऊस आला, तो पावसाळी टायर घ्यायला आत गेला, ग्लॉक कोरड्या टायरवर बाहेर राहिला म्हणून पुढे गेला, वर व्हेटेलने हॅमिल्टनला मागे टाकलं. मग पाऊस वाढला आणि ग्लॉकची गाडी चालेचना. ज्या पावसाने हॅमिल्टनची जागा नेली त्याच पावसाने परत दिली, माझ्या वहीत ती ओळ शून्य आहे. शेवटच्या रेसला जास्त वजन द्यायचं नाही, मार्चमधला पॉइंट आणि नोव्हेंबरमधला पॉइंट एकाच मापाचा.

यापुढचा भाग जरा अवघड. काही वेळा दुर्दैवच उपयोगी पडतं, आणि ते लिहायला माझ्याकडे वेगळी खूण आहे, उलटा बाण. सगळ्यात चांगलं उदाहरण 1986, अॅडलेड. नायजेल मॅन्सेलला फक्त तिसरं यायचं होतं. मध्येच अॅलन प्रॉस्टला पंक्चर झालं, त्याला टायर बदलायला आत जावं लागलं, तेव्हा बघणाऱ्या कुणालाही वाटलं असेल की संपला हा. टायर कंपनीच्या लोकांनी प्रॉस्टचे काढलेले टायर बघून अंदाज बांधला की बाकीच्यांचे शेवटपर्यंत टिकतील. आणि 64 व्या लॅपला भर वेगात मॅन्सेलचा मागचा डावा टायर फुटला. मॅन्सेलच्या विल्यम्स टीमने मग त्यांच्याच दुसऱ्या ड्रायव्हरला, नेल्सन पिकेला (वडील, वरच्या ज्युनियरचे) काळजीपोटी आत बोलावलं आणि नव्या टायरवरचा प्रॉस्ट रेस जिंकून चॅम्पियन झाला, 72 विरुद्ध 70. आता ते पंक्चर जमेत लिहिणार की खर्चात? 2008 च्या मोनॅकोलाही तेच, हॅमिल्टन सुरुवातीलाच कठड्याला घासला, टायर गेला, आत आल्यावर टीमने भरपूर पेट्रोल भरून पाठवला, पुढे सेफ्टी कार आली आणि तो रेस जिंकला. चूक पहिल्या रकान्यात, पण समोर उलटा बाण.

नियमांमुळे लागणारं नशीब वेगळं धरा. 1984 च्या मोनॅकोला मुसळधार पाऊस, प्रॉस्ट पुढे, मागून टोलमन टीमच्या गाडीतला तरुण आयर्टन सेना झपाट्याने जवळ येतोय, आणि प्रॉस्ट हात करून सांगतोय की रेस थांबवा. थांबवली. प्रॉस्ट पहिला, पण अंतर कमी झालं म्हणून अर्धे पॉइंट, साडेचार. त्या वर्षी निकी लाउडा 72, प्रॉस्ट साडेएकाहत्तर! रेस पूर्ण होऊन प्रॉस्ट सेनाच्या मागे दुसरा आला असता तरी 6 मिळाले असते. अर्थात त्या पाण्यात तो शेवटपर्यंत टिकला असता का, म्हणून परत पेन्सिल.

यंत्राच्या बिघाडाला मात्र मी पेन वापरतो, कारण तिथे बहुतेक वेळा शंका कमी असते. 2016, मलेशिया, आपल्याकडे रविवारची दुपार, घटस्थापना आदल्या दिवशी झालेली, घरात उपासाचं ताट वाढलेलं आणि 41 व्या लॅपला पुढे असलेल्या हॅमिल्टनच्या मर्सिडीजमधून ज्वाळा. निको रॉसबर्ग 385, हॅमिल्टन 380 असा शेवट झाला. ती रेस हॅमिल्टन जिंकला असता तर त्याचे 405, आणि रॉसबर्ग तिसऱ्याचा चौथा होऊन 382. एका इंजिनात 28 पॉइंटचा झोल. पण म्हणून रॉसबर्गला फुकटा म्हणू नका, सिल्व्हरस्टोनला गिअरबॉक्स अडकला, रेडिओवर मदत घेतली म्हणून पेनल्टी लागून दुसऱ्याचा तिसरा झाला. आणि हॅमिल्टनचे मेलबर्न, बहरिन, मोंझा, सुझुका इथले खराब स्टार्ट? त्या वर्षापासून स्टार्टला क्लचचा एकच पॅडल (स्टिअरिंगमागची पट्टी) वापरायचा नियम आला होता, त्यात हात किती आणि क्लच किती हे बाहेरून कळत नाही, मी अर्धं अर्धं वाटतो.

कुणीतरी म्हणणारच की आत्याबाईला मिशा असत्या तर, जर-तरला काय अर्थ. मला अर्थ वाटतो. पॉइंट बदलत नाहीत, मासाला कुणी कप आणून देणार नाही, पण त्या माणसाने गाडी कशी चालवली हे तरी नीट कळतं.

तुम्ही सुरुवात 2012 पासून करा. सेबास्तियन व्हेटेल 281, फर्नांडो अलोन्सो 278. व्हेटेलचा अल्टरनेटर (गाडीसाठी वीज बनवणारा भाग) दोनदा गेला, व्हॅलेन्सियाला तर पुढे असताना, आणि ती रेस अलोन्सोने घेतली. अलोन्सोला स्पाला ग्रोजाँची गाडी अंगावरून गेली, सुझुकाला पहिल्याच वळणात संपलं. ब्राझीलला पहिल्या लॅपला व्हेटेल उलटा फिरून उभा, तरी सहावा आला. आणि मलेशियातल्या सेपांगची ओळ सावकाश भरा. तिथे व्हेटेल चौथा होता, लॅपने मागे पडलेल्या आपल्या नारायण कार्तिकेयनच्या एचआरटी टीमच्या गाडीला ओलांडताना दोघं घासले, व्हेटेलचा टायर फाटला, तो अकरावा, 12 पॉइंट गेले, पेनल्टी नारायणला बसली. मी ते फुटेज कितीतरी वेळा बघितलंय. माझ्या वहीत ती ओळ व्हेटेलच्या स्वतःच्या रकान्यात आहे, तुमच्या वहीत कुठे जाते ते बघा.