लॅपटॉपवर चहा सांडण्याआधी करून ठेवायची तयारी

‘सांडण्याआधी’ असं मुद्दाम लिहिलंय. सांडल्यावर स्क्रू ड्रायव्हर शोधत घरभर फिरायला वेळ नसतो, हे मी अनुभवानं सांगतेय. गेल्या जुलैत माझ्या लॅपटॉपवर अर्धा कप चहा सांडला. मी तो ताबडतोब बंद केला, उलटा धरला, पुसला, दोन दिवस पंख्याखाली ठेवला. तिसऱ्या दिवशी तो सुरू झाला आणि माझा जीव भांड्यात पडला. पाचव्या दिवशी काम करता करता स्क्रीन काळी झाली ती झालीच. दुरुस्तीवाल्यानं खालचं झाकण उघडून दाखवलं, तर बॅटरी जिथे मुख्य बोर्डाला जोडतात त्या कनेक्टरभोवती हिरवट-पांढरा थर चढला होता. त्यानं एवढंच विचारलं, “बॅटरी सोडवली होती का?” नव्हती सोडवली. आमच्या सोसायटीचे तीन वर्षांचे हिशेब त्यात होते. स्टोरेज बोर्डावरच पक्कं बसवलेलं, त्यामुळे काढून दुसरीकडे लावायची सोयही नव्हती.

तर या यादीत बाकी काही राहिलं तरी चालेल, बॅटरी राहता कामा नये. बटण दाबून बंद केलेल्या लॅपटॉपमध्येही वीज असते. पूर्वी बॅटरी बाहेरून खटका दाबून निघायची, आता ती आत स्क्रूंनी बसवलेली असते आणि बोर्डाला जोडलेलीच राहते. पॉवरचं बटण दाबलेलं कळावं म्हणून बोर्डाचे काही भाग कायम जागे असतात. त्यांच्यावर चहा पोचला की त्या ओलाव्यातून वीज वाहते, तांबं विरघळायला लागतं आणि शेजारच्या टोकावर साचतं. लॅपटॉप पंख्याखाली दोन दिवस वाळत असताना आत हे चालूच होतं. बॅटरी जोडलेली ठेवून वाळवणं म्हणजे हा गंज वाढायला दोन दिवस देणं.

म्हणून आज, कोरड्या हातांनी, आपल्या मॉडेलची बॅटरी कुठे आणि कशी सुटते ते बघून ठेवा. मॉडेल नंबर लॅपटॉपच्या पोटावर लिहिलेला असतो. डेल, एचपी, लेनोवो यांची सर्व्हिस मॅन्युअलं त्यांच्या संकेतस्थळांवर मोफत मिळतात. त्यातलं बॅटरी काढायचं पान छापून घ्या. मोबाइलमध्ये साठवलंय म्हणून थांबू नका, कागद हवा. काही कनेक्टर आडवे सरकवून निघतात, काही वर उचलून, काहींना बारीक खटका असतो. चुकीच्या दिशेनं ओढला तर बोर्डावरून उखडतो.

स्क्रू ड्रायव्हरचा सेट चांगला घ्या. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. स्वस्तातल्या सेटचं टोक मऊ असतं, स्क्रूचं डोकंच झिजवतं आणि मग बॅटरीपर्यंत पोचताच येत नाही. बहुतेक ठिकाणी बारीक फिलिप्स (अधिक चिन्हाच्या टोकाचा) चालतो, मॅकबुकच्या तळाला मात्र पाच पाकळ्यांचा वेगळा लागतो. रबरी पायांखाली लपलेले स्क्रूही असतात, तेही मॅन्युअलमध्येच कळतं. झाकण उचकटायला प्लॅस्टिकची पट्टी किंवा जुनं एटीएम कार्ड घ्या. सुरी नको, बॅटरीला भोक पडलं तर आग लागते.

आत साफ करायला आयसोप्रोपाइल अल्कोहोल, 99 टक्क्यांचंच. 70 टक्क्यांच्या बाटलीत उरलेलं बहुतेक पाणी असतं. सॅनिटायझर तर अजिबात नको, त्यात ग्लिसरीन असतं. आणि आपला चहा साखरेचा, ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. साखर अल्कोहोलमध्ये नीट विरघळत नाही, पाण्यात विरघळते. म्हणून इन्व्हर्टरमध्ये घालतो ते डिस्टिल्ड पाणीही आणून ठेवा (अ‍ॅसिड नव्हे, लेबल वाचा). चिकट जागा आधी या पाण्यानं, मऊ टूथब्रशनं हलक्या हातानं धुवायची, मग अल्कोहोलनं ते पाणी घालवायचं. हे सगळं बॅटरी सोडवल्यावर, खिडकी उघडून, गॅस-उदबत्तीपासून लांब. स्क्रीनला अल्कोहोल लावू नका.

बॅकअप. वेगळं सांगायला नको, तरी मी घेतला नव्हता. विंडोज असेल तर बिटलॉकरची (हे ड्राइव्हला लावलेलं कुलूप) 48 अंकी रिकव्हरी की, म्हणजे किल्ली, कागदावर उतरवून ठेवा. कुलूप लागलेलं असेल तर ड्राइव्ह सुखरूप निघाली तरी त्या किल्लीशिवाय आतलं काही वाचता येत नाही.

स्वतः उघडायची हिंमत नसेल तर तसं आजच ठरवा आणि जवळच्या दुरुस्तीवाल्याला एकच प्रश्न विचारून ठेवा: “ओला लॅपटॉप आणला तर लगेच उघडून बॅटरी सोडवाल, की पावती देऊन उद्या बघाल?” ‘उद्या’ म्हणणारा उपयोगाचा नाही. साध्या वॉरंटीत सांडलेला चहा बसत नाही, तेव्हा वॉरंटी जाईल या भीतीनं झाकण बंद ठेवू नका. अपघाती नुकसानाचा वेगळा प्लॅन घेतला असेल तर मात्र त्यात स्वतः उघडायला परवानगी आहे का ते आधीच वाचून ठेवा.

आता प्रत्यक्ष सांडल्यावरचा क्रम. भिंतीवरचं बटण बंद, मग चार्जर काढा. पॉवरचं बटण लॅपटॉप बंद होईपर्यंत दाबून धरा. फाइल सेव्ह करत बसू नका. यूएसबीला लावलेलं सगळं काढा. स्क्रीन उघडी ठेवून तंबूसारखा उलटा करा, हलवू-झटकू नका, चहा आणखी आत जातो. वरवर पुसा. आणि लगेच, दहा-पंधरा मिनिटांत, झाकण उघडून बॅटरी सोडवा. वाळल्यावर नाही, रात्री निवांत नाही, आत्ता. मी जिथे थांबले ती हीच पायरी.

बॅटरी फुगली असेल, तापली असेल किंवा गोडसर वास येत असेल तर हात लावू नका. लॅपटॉप घराबाहेर, जळण्यासारख्या वस्तूंपासून दूर ठेवा आणि जाणकाराला बोलवा.

तांदळात पुरू नका. तांदूळ आतला ओलावा ओढून घेत नाही, उलट त्याचा भुगा पोर्टमध्ये जातो. आयफोन तांदळात ठेवू नका, असं अ‍ॅपलनंही 2024 मध्ये सांगितलं आहे. हेअर ड्रायर नको, ऊन नको.

वाळवायला पंखा, किमान 48 तास. पावसाळ्यात कोकणात असाल तर हवाच ओली असते, आणखी दोन दिवस द्या, किंवा एसीच्या खोलीत ठेवा. स्क्रू कागदावर ज्या जागेचे त्या जागी चिकटपट्टीनं लावून ठेवा, लांब स्क्रू आखूड जागी गेला तर बोर्ड फुटतो.

जोडताना बॅटरी सगळ्यात शेवटी. त्याआधी टॉर्च लावून कनेक्टरभोवती एकदा बघा. हिरवं-पांढरं काही दिसलं तर पुन्हा धुवा, पुन्हा वाळवा. सुरू झाला की आधी डेटा बाहेर काढा, मग बाकीचं.