पाऊस ओसरला आणि कुंडीतले लिंबू पिवळे पडले

गोव्यात चवथीला गणपतीच्या वर बांधलेली फळा-पानांची माटोळी उतरते, पाऊस सरीसरींवर येतो आणि त्याच सुमाराला एकच प्रश्न येऊ लागतो : "गच्चीवरच्या लिंबाची पाने पिवळी पडली, काय घालू?" पहिल्या दिवशी काहीच घालू नका. युरिया नको, शेणखत नको, पाणी तर मुळीच नको. आधी कुंडी उचलून बघा.

गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. जमिनीतल्या झाडाचे पाणी उतारावरून निघून जाते, कुंडीतले जाणार कुठे? ढगाळ हवेत पानांची पाण्याची मागणी कमी असते, म्हणून अर्धी मुळे कुजलेले झाडही सप्टेंबरपर्यंत बरे दिसते. ऑक्टोबरचे ऊन तापले की मागणी वाढते आणि उरलेल्या मुळांना ती झेपत नाही. पाने दुपारी माना टाकतात. आपल्याला वाटते तहान लागली, म्हणून आपण आणखी दोन तांबे ओततो. माझे स्वतःचे पहिले कागदी लिंबू मी असेच मारले.

तेव्हा बोट दोन पेरांपर्यंत मातीत खुपसा. माती ओली आणि पाने मलूल, म्हणजे मुळांचे दुखणे. कुंडी आडवी करून मातीचा गड्डा अलगद बाहेर काढा. निरोगी मुळे पांढरट-पिवळसर आणि घट्ट असतात. कुजलेली तपकिरी-काळी. चिमटीत धरून ओढली तर वरची साल मोज्यासारखी निघते आणि आत नुसता दोरा राहतो. वासही आंबूस येतो. तळाची भोके मुळांनी किंवा चिखलाने बुजलेली सापडतील. कुंडीखाली शोभेची बशी असेल तर ती आजच काढून टाका. आणखी एक चूक नेहमी दिसते : रोपवाटिकेच्या पिशवीतला चिकट तांबड्या मातीचा गोळा तसाच ठेवून भोवती भुसभुशीत कोकोपीट भरलेले असते. बाहेरचे वाळते, आतला गोळा मात्र महिनाभर चिंब राहतो. तळाला खडीचा थर दिला की निचरा होतो, हाही गैरसमजच. पाणी त्या थराच्या वरच्या मातीत थांबते.

उपाय असा. कुजलेली मुळे स्वच्छ कात्रीने छाटा, वरच्या फांद्याही तेवढ्याच प्रमाणात कमी करा. दोन भाग तांबडी माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग जाड रेती किंवा कौलांचा चुरा घेऊन पुन्हा लावा. कुंडी मोठी घेऊ नका, उरलेल्या मुळांना पुरेल एवढीच घ्या. कलमाचा सांधा मातीच्या वर राहिला पाहिजे. कुंडी विटांवर ठेवा, पंधरा दिवस सावलीत, आणि वरची माती सुकल्याशिवाय पाणी देऊ नका.

खोडाच्या बुडाशी साल तडकून डिंक येत असेल तर तो भाग चाकूने निरोगी सालीपर्यंत खरवडा आणि बोर्डो मलम लावा. त्यासाठी १०० ग्रॅम मोरचूद व १०० ग्रॅम चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवून एकत्र करा, सगळे मिळून पाणी १ लिटर. मलमात लोखंडी खिळा बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, आणखी घाला.

मुळे ठणठणीत निघाली तरच पानांकडे वळा, आणि कोणते पान पिवळे आहे ते बघा. जुनी पाने सगळीच फिकट असतील तर नत्र पावसाने धुऊन गेले. जुन्या पानाच्या कडा पिवळ्या आणि देठाकडे हिरवा उलटा 'व्ही' उरलेला, तर मॅग्नेशियम कमी. आपल्या आम्लधर्मी, धुपलेल्या मातीत हे नेहमीचेच. १० ग्रॅम एप्सम मीठ १ लिटर पाण्यातून फवारा. नवी पाने बारीक, अरुंद आणि शिरांमध्ये पिवळी, तर जस्त. नवी पाने फिकट पण शिरा हिरव्या, तर लोह. पण तांबड्या मातीत लोह भरपूर असते, म्हणून तेव्हा मुळे पुन्हा एकदा तपासा.

पानांवर खरबरीत, फुगीर तपकिरी ठिपके आणि भोवती पिवळे कडे असेल तर तो खैऱ्या रोग. कागदी लिंबाचा हा जुना शत्रू, पावसाच्या शिंतोड्यांनी पसरतो. रोगट फांद्या कोरड्या दिवशी छाटून जाळा आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड ३ ग्रॅम प्रतिलिटर फवारा. कोवळ्या पानांवर चंदेरी नागमोडी रेघा काढणारी नागअळी खैऱ्याला वाट करून देते, म्हणून नव्या पालवीवर निंबोळी तेल ५ मिली प्रतिलिटर, थोड्या साबणासह, संध्याकाळी मारा. काजळी आणि मुंग्यांची रांग दिसली तर पानांची खालची बाजू उलटून बघा. पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड तिथेच बसलेली असते. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी फुलपाखराची, ती हाताने वेचा. झाड मोठे असेल तर मी दोन-तीन राहू देतो.

एका पानाच्या दोन बाजूंना न जुळणारे पिवळे चट्टे पडले असतील आणि फळे वेडीवाकडी, अर्धवट हिरवी राहत असतील, तर घरी प्रयोग करू नका. ग्रीनिंग या जिवाणूजन्य रोगाचा संशय असतो आणि त्यावर औषध नाही. पानांसह डहाळी प्लास्टिकच्या पिशवीत घालून तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात किंवा जुन्या गोव्यातल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत दाखवा.

खताचा हात मात्र नवी पालवी अंगठ्याएवढी झाल्यावरच. तेव्हा मूठभर शेंगदाणा पेंड कुंडीच्या कडेने मातीत मिसळा, खोडाला चिकटू न देता.