कडा, दोर आणि तंबू: क्लाइंबिंगच्या वीकेंडला निघताना या चुका टाळा

दिवाळी सरली, हवेत गारवा आला की नाशिकमधले क्लाइंबिंगचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप जागे होतात. शुक्रवारी रात्री कुणीतरी विचारतं, "उद्या कुठे?" आणि अर्ध्या तासात गाड्या, तंबू, भडंग, चहाचं सामान सगळं ठरून जातं. कातळाबद्दल मात्र कुणी काही विचारत नाही. त्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे, त्यावरचे बोल्ट (दोर अडकवण्यासाठी कातळात बसवलेले धातूचे खिळे) किती जुने आहेत, पायथ्याला पाणी आहे का, वर मोहोळ आहे का. वीकेंड बिघडवणाऱ्या बहुतेक चुका इथेच सुरू होतात. बेत आपल्या सोयीने आखला जातो, तो कातळ बघून आखायला हवा.

दिशा न बघता कडा निवडणे

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो. दक्षिणेला तोंड असलेली भिंत डिसेंबरातही अकरा वाजेपर्यंत तापते. बोटांना घाम सुटतो, चॉक (बोटांना लावायची पांढरी पूड) टिकत नाही आणि रोज सहज जाणारा रूट, म्हणजे चढाईची ठरलेली वाट, त्या दिवशी जात नाही. उत्तरेकडची भिंत दिवसभर सावलीत असते. पश्चिमेकडची दुपारपर्यंत चालते. तेव्हा दोन दिवसांसाठी शक्यतो दोन बाजू हाताशी ठेवा. कडाक्याच्या थंडीत, निफाडचा पारा रोज पेपरात छापून यायला लागतो तेव्हा, सकाळी उन्हातली भिंत हवीहवीशी वाटते, हेही खरं. ऑक्टोबरात दुपारनंतर ढग दाटून आले तर मात्र दिशा-बिशा काही बघू नका. परतीच्या पावसातल्या विजा उंच कड्यावर कुणालाच सोडत नाहीत. त्या दिवशी खाली उतरा.

कृत्रिम भिंतीवरचा सराव कातळावर गृहीत धरणे

टोकियो ऑलिम्पिकपासून स्पोर्ट क्लाइंबिंगकडे वळणारी मुलं वाढली आणि त्यातली बरीच कृत्रिम भिंतीवर शिकली आहेत. त्यांची ताकद आणि पायांचं काम बघून आनंद होतो. पण कृत्रिम भिंतीवरचा होल्ड (हाताने धरायची पकड) सहसा उपटून हातात येत नाही.

आपला बेसॉल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, थरावर थर साचून झालेला. एकेका थराचा मधला भाग घट्ट असतो, माथ्याकडचा भाग बुडबुड्यांमुळे सच्छिद्र असतो आणि दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लालसर मऊ पट्टा असतो. म्हणून आपले डोंगर टप्प्याटप्प्याने चढतात: उभा कातळ, मग गवताची आडवी पट्टी, मग पुन्हा कातळ. त्या गवताळ पट्टीवर सुटे दगड पडलेले असतात आणि नुसता दोर घासला तरी ते खाली येतात. बदामीच्या वालुकाश्मावर भरपूर चढलेल्यांचाही इथे अंदाज चुकतो.

होल्डवर वजन टाकण्याआधी तळहाताने थोपटा. घट्ट दगडाचा आवाज बंद येतो, सुट्याचा पोकळ येतो. शंका आली तर होल्ड बाहेर न ओढता खाली दाबून वापरा. हेल्मेट चढणाऱ्याइतकंच बिले देणाऱ्याने, म्हणजे खालून दोर सांभाळणाऱ्याने, घालायचं. डबे, सॅक आणि दुपारची झोप कड्याच्या पायथ्याला नको, दगड पडतात त्या रेषेच्या बाहेर.

बोल्ट दिसला की विश्वास टाकणे

मला सगळ्यात जास्त काळजी या चुकीची वाटते. सह्याद्रीतल्या सुळक्यांवर आणि भिंतींवर अनेक ठिकाणी जुन्या मोहिमांचे बोल्ट आणि मेखा आहेत. साध्या पोलादाचा बोल्ट आपल्या पावसाळ्यात आतून गंजत जातो. बाहेरचा हँगर (बोल्टवरची भोकाची पट्टी) बऱ्यापैकी दिसतो आणि भोकातला दांडा खाल्लेला असतो.

क्विकड्रॉ (बोल्टला दोर जोडणारी कड्यांची जोडी) लावण्याआधी दहा सेकंद थांबा. बोल्टखाली कातळावर तपकिरी ओघळ उतरलाय का? हँगर बोटाने गरागरा फिरतोय का? नट हाताने सैल होतोय का? भोकाभोवती कातळाला तडा किंवा पापुद्रा सुटलाय का? कॅराबिनरने (झडपेच्या कडीने) बोल्टशेजारी हलकं ठोकून बघा, पोकळ वाजलं तर त्या बोल्टवर भरवसा नको. यातलं एक जरी आढळलं तरी लीड, म्हणजे बोल्टमध्ये दोर अडकवत सगळ्यात आधी चढणं, सोडा. मागून सुरक्षितपणे माथ्यावर जाता येत असेल तर भक्कम अँकर (दोर टांगायचा आधार) बांधून टॉप रोप (माथ्यावरून सोडलेला दोर) लावा, नाहीतर दुसरा रूट बघा. खालच्या दोन बोल्टची तपासणी जमिनीजवळच होते. ते खराब निघाले तर वरचे चांगले असतील या आशेवर चढू नका.

एकाच बोल्टवरून खाली उतरायचं नाही. अँकरला किमान दोन स्वतंत्र बिंदू हवेत. आणि कुठेही ड्रिल घेऊन बोल्ट मारायला सुरुवात करू नका. पांडवलेण्यांसारख्या संरक्षित वास्तूंना इजा करणं कायद्याने गुन्हा आहे. वनखात्याच्या जमिनीवर परवानगीशिवाय काहीही ठोकू नये.

दोराचं गणित तोंडी करणे

60 मीटरचा दोर घेऊन गेलात तर जास्तीत जास्त 30 मीटरचा रूट, तोही कागदावर. वापरलेला दोर आखडतो आणि खराब टोक कापून टाकल्यावर आणखी आखूड होतो. पट्टीवर 60 लिहिलेला दोर प्रत्यक्षात 57 भरू शकतो. 29 मीटरवरच्या अँकरवरून लीडरला खाली घेताना दोराचं मोकळं टोक बिले डिव्हाइसमधून (दोर रोखणाऱ्या उपकरणातून) निसटतं आणि माणूस सरळ खाली येतो. जगभर पुन्हा पुन्हा होणारा हा अपघात दोराच्या टोकाला मारलेल्या एका गाठीने टळतो. गाठ मारा, प्रत्येक वेळी मारा, रूट दहा मीटरचा असला तरी मारा.

रॅपलिंगचा (दोरावरून सरकत उतरायचा) स्टॅटिक दोर लीडसाठी वापरू नका. तो पुरेसा ताणला जात नाही, त्यामुळे पडल्याचा सगळा झटका शरीराला आणि बोल्टला बसतो. दोर डिकीत टाकताना खाली इन्व्हर्टर किंवा गाडीची बॅटरी नाही ना, हे बघा. आम्लाचा थेंब नायलॉनला आतून खातो आणि वरून काहीही दिसत नाही. रात्री दोर तंबूत घ्या. दवाने भिजलेला दोर सकाळी कमजोर असतो, आणि जड होतो तो वेगळाच.

वर पोहोचल्यावर लीडर स्वतः रॅपल करणार की बिले देणारा त्याला खाली घेणार, हे जमिनीवर ठरवा. वाऱ्यात तीस मीटरवरून अर्धा शब्द ऐकू येतो आणि खालचा माणूस डिव्हाइसमधून दोर काढून मोकळा होतो.

मोहोळाकडे दुर्लक्ष

आपल्या कड्यांवरचा खरा धोका बऱ्याचदा ओव्हरहँगखाली (पुढे झुकलेल्या कातळाखाली) लटकलेला असतो. आग्या मोहोळ लांबून काळसर अर्धचंद्रासारखं दिसतं. नीट पाहिलं तर त्याच्या पृष्ठभागावरून लाट सरकल्यासारखी हालचाल होते. गाडीतून उतरल्यावर दुर्बिणीने पूर्ण भिंत बघून घ्या. मोहोळ रूटपासून बरंच बाजूला दिसलं तरी ती भिंत त्या वीकेंडपुरती सोडून द्या. अत्तर, डिओ, आरडाओरडा, ड्रोन आणि पायथ्याची धुराची चूल यांनी माश्या उठतात. विशेषतः चूल, कारण धूर कड्याला धरून सरळ वर जातो.

माश्या उठल्या तर दोरावरच्या माणसाला पळता येत नाही. हे लक्षात घेऊनच तयारी हवी. चढणाऱ्याच्या हार्नेसला (कमरेच्या पट्ट्याला) पातळ विंडचीटर अडकवलेलं असावं, बिले देणाऱ्याच्या गळ्यात बफ (तोंडावर ओढता येणारा नळीसारखा रुमाल) असावा. पहिली माशी डसली की ताबडतोब खाली घ्या. बिले देणाऱ्याने काहीही झालं तरी दोर सोडायचा नाही. म्हणूनच अर्धवट शिकलेल्या मित्राच्या हाती बिले देऊ नये. जमिनीवर आल्यावर हात न झाडता, चेहरा झाकून लांब पळत राहा. काटे लवकरात लवकर खरवडून काढा. डंख खूप असतील, श्वास अडकत असेल किंवा चेहरा सुजत असेल तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

मधमाश्यांसारखीच गिधाडांचीही काळजी घ्या, इथे मात्र धोका आपल्याकडून त्यांना आहे. नाशिकजवळच्या अंजनेरीच्या परिसरात लांब चोचीची गिधाडं आहेत आणि हिवाळा हा त्यांच्या विणीचा काळ. कपारीखाली कातळ पांढऱ्या विष्ठेने माखलेला दिसला तर ती बाजू सोडा. घाबरून उडालेल्या पक्ष्यामागे अंडं उघडं पडतं, आणि जोडीला वर्षाला एकच अंडं असतं.

तंबू कुठे आणि पाणी किती

तंबू ओढ्याच्या सपाट पात्रात लावायचा मोह होतो. थंड हवा रात्री तिथेच साचते आणि पहाटे आतून सगळं ओलं होतं. थोडं वर, वाऱ्याला आडोसा असलेली जागा बघा. दगड हलवताना हातमोजे घाला, फुरसं दगडाखालीच असतं. बूट सकाळी झटकल्याशिवाय पायात घालू नका.

फेब्रुवारीनंतर किल्ल्यांवरची बरीच टाकी तळाला जातात आणि गवत इतकं वाळतं की एका ठिणगीने वणवा लागतो. शेकोटी नकोच. गॅसवर करा, उघड्या कातळावर करा, तंबूच्या आत कधीही नको. बंद तंबूत साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. पाणी माणशी दिवसाला चार-पाच लिटर धरा. गावातल्या विहिरीवरून गाड्या भरून पाणी नेऊ नका, उन्हाळ्यात ते त्यांचं पिण्याचं पाणी असतं. जेवण पायथ्याच्या गावात आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर मावशींकडची गरम भाकरी आणि पिठलं मिळतं, आणि आपल्या सॅकमधलं ओझंही उतरतं.

राखीव वनात मुक्काम चालतो का, हे वनखात्याच्या कार्यालयात आधी विचारा. श्रावणी सोमवारी आणि सिंहस्थाच्या पर्वकाळात त्र्यंबक रस्त्याकडचा बेत करू नका, गर्दीत अ‍ॅम्ब्युलन्सही अडकते. पैसे घेऊन नेणाऱ्या ग्रुपबरोबर जात असाल तर राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे त्यांची नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच करू नका.

मदतीची तयारी रेंज गेल्यावर करणे

कड्याच्या पायथ्याला बऱ्याचदा रेंज नसते. निघण्याआधी जागेचे अक्षांश-रेखांश, गावाचं नाव आणि गाडी जाते तिथपर्यंतची वाट एका कागदावर लिहा. एक प्रत घरी, एक गावातल्या ओळखीच्या काकांकडे, एक प्रथमोपचाराच्या डब्यात. परतायची वेळही त्यावर लिहा आणि ती उलटून गेल्यावर किती वेळाने फोन फिरवायचे तेही. अ‍ॅम्ब्युलन्ससाठी 108, पोलिसांसाठी 112. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा हेल्पलाइन क्रमांक शोधून सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आधीच सेव्ह करा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा रविवारचा शेवटचा क्विकड्रॉ तीनपर्यंत खाली यायला हवा. दोन दिवसांच्या दमलेल्या बोटांनी अंधारात गाठी सोडायची वेळ येऊ देऊ नका, आणि हेडटॉर्च तरीही प्रत्येकाच्या सॅकमध्ये असू द्या.